तुम्ही राहता कुठे?

अमेरिकेत विमानातून उतरल्यावर काउंटरवरच्या अधिकाऱ्याने आमचे पासपोर्ट चाळले, समोरच्या पडद्यावर बराच वेळ काहीतरी वाचलं आणि विचारलं, "व्हेअर डू यू लिव्ह?" ह्यांनी लगेच उत्तर दिलं, "विथ अवर सन, इन न्यू जर्सी."

ह्यांच्या मनात काय होतं ते मला नेमकं कळलं. मराठीत राहणं एकच. आपण सांगलीत राहतो, लग्नाला गेलो की मामाकडे दोन दिवस राहतो आणि मुलाकडे सहा महिने राहतो. इथे उतरल्यावर मुक्काम कुठे, एवढंच हे सांगत होते. अधिकाऱ्याला मात्र ऐकू गेलं की या दोघांचं घर न्यू जर्सीत आहे. पर्यटक म्हणून येणाऱ्या माणसाचं घर अमेरिकेबाहेर असलं पाहिजे आणि ते सोडायचा त्याचा विचार नसला पाहिजे, यावर तर तो व्हिसा उभा असतो. आमच्या एका वाक्याने तो पायाच काढून घेतला होता.

पुढचा प्रश्न मला आला. मुलगा आणि सून कामावर जातात तेव्हा बाळाकडे कोण बघतं? मी म्हणाले, "वी टेक केअर." अगदी अभिमानाने म्हणाले. नातवाला सांभाळायला आले आहे हे सांगण्यात लपवण्यासारखं काय असणार?

त्याने आमचे पासपोर्ट एका पाकिटात घातले आणि बाजूच्या दाराकडे हात केला. त्या दारामागच्या खोलीला 'सेकंडरी' म्हणतात, हे मला पुढे कळलं. तारीख होती २२ जुलै २०१७. विमानतळाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही. चूक आमच्या समजुतीची होती आणि तीच समजूत घेऊन आजही कितीतरी आई-बाबा विमानात बसतात, म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

आमची पहिली खेप सुनेच्या बाळंतपणाची. २०१६ साली मुंबईला बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत झाली आणि दोघांनाही दहा वर्षांचा बी-१/बी-२, म्हणजे पर्यटकांचा, व्हिसा मिळाला. मुलगा तेव्हा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर होता, अजूनही आहे. १४ नोव्हेंबरला आम्ही पोहोचलो. अधिकाऱ्याने किती दिवस राहणार एवढंच विचारलं आणि शिक्का मारून त्यावर पेनाने १३ मे २०१७ ही तारीख लिहिली. ६ मे रोजी, मुदतीच्या आठवडाभर आधी, आम्ही परतीच्या विमानात बसलो. १७३ दिवस. नियम पाळला म्हणून दोघं खूश होतो.

इकडे आल्यावर दोन महिने जेमतेम गेले आणि मुलाचे फोन सुरू झाले. बाळ पाळणाघरात जाऊन सारखं आजारी पडत होतं. सुनेची रजा संपली होती, दर आठवड्याला दोघांपैकी एकाला घरी बसावं लागत होतं. फोनवर बाळाचं रडणं ऐकू यायचं. तिकीट काढून देणाऱ्या एजंटाने सांगितलं, "काकू, व्हिसा दहा वर्षांचा आहे. दर वेळी सहा महिने मिळतात. मध्ये एकदा भारतात येऊन गेलं की झालं." बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींचंही हेच म्हणणं. त्यांतले निम्मे लोक तसं करूनही आले होते. आम्ही जानेवारीच्या मध्यावरचं परतीचं तिकीट काढलं आणि निघालो.

त्या खोलीत खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि फोन वापरायला मनाई होती. बाहेर मुलगा बाळाला घेऊन उभा असणार आणि आपण कुठे आहोत हे त्याला कळवताही येत नाही, याचाच मला जास्त घोर लागला. ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत होत्या, पाणी मागितलं तर मिळालं. शेजारी एक तेलुगू आजी बसल्या होत्या. आमची भाषा एक नव्हती, तरी त्यांनी हाताने पाळणा हलवल्याची खूण केली आणि मला समजलं की त्याही त्याच कामासाठी आल्यात. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही, पण त्यांची आठवण येते.

दुसऱ्या अधिकाऱ्याने बोलावलं. इंग्रजी समजतं का विचारलं. हे पाटबंधारे खात्यात होते, मी हायस्कुलात मराठी शिकवत होते. इंग्रजी वाचता येतं, पण त्या खोलीत, त्या उच्चारात, घशाला कोरड पडलेली असताना ते पुरत नव्हतं. तसं सांगितल्यावर फोनवर हिंदी दुभाषा दिला. ही गोष्ट प्रत्येक आई-बाबांना माहीत असायला हवी: दुभाषा मागता येतो आणि मागितला म्हणून कोणी रागावत नाही. शेवटी जबाब लिहून सही घेतात. तो आपल्याला कळेल अशा भाषेत ऐकल्याशिवाय सही करू नये.

मग त्याने कागदावर हिशोब मांडला. १४ नोव्हेंबर २०१६ पासून आमच्या तिकिटावरच्या १५ जानेवारी २०१८ पर्यंत ४२७ दिवस होतात. त्यातले १७३ तुम्ही इथे काढलेत, आता आणखी १७७ काढणार. भारतात होतात ७७ दिवस. कागद आमच्याकडे फिरवून तो म्हणाला, आता तुम्हीच सांगा, तुमचं घर कुठे आहे आणि तुम्ही पाहुणे कुठे आहात?

आयुष्यभर मुलांना गणिताच्या तासाला नाही तरी वर्गातल्या हजेरीला बेरजा शिकवल्या, पण हा हिशोब आम्ही घरी कधी केलाच नव्हता. प्रत्येक खेप आम्ही सुटी पाहत होतो. त्याच्या पडद्यावर सगळ्या खेपा एका ओळीत होत्या.

बॅगा उघडल्या. कुकर निघाला, गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, सहा महिन्यांची औषधं, बाळाची मऊ दुपटी. खाण्याचे जिन्नस आम्ही कस्टम्सच्या अर्जात लिहिले होते, त्यावरून काही झालं नाही. पण सामान आमच्या आधी बोलत होतं. फिरायला आलेलं माणूस भाजणी आणि कुकर आणत नाही.

त्यानंतर त्याने आमच्यापुढे काय काय होऊ शकतं ते सांगितलं. आम्ही प्रवेशाचा अर्ज आपणहून मागे घेऊन पुढच्या विमानाने परत जाऊ शकतो. व्हिसा रद्द होईल, पण पुन्हा अर्ज करता येईल. किंवा त्याने हद्दपारीचा हुकूम काढला, तर पाच वर्षं येता येणार नाही. हे ऐकताना ह्यांनी माझा हात धरला. बत्तीस वर्षांच्या संसारात चार माणसांत माझा हात धरल्याचं मला आठवत नाही.

शेवटी त्याची वरिष्ठ आली. वयाने मोठी बाई. तिने मला एकच विचारलं, तुमच्या गावाला तुमचं काय आहे? दुभाष्याची वाट न बघता मी तुटक्या इंग्रजीत सांगत सुटले. सासूबाई ८६ वर्षांच्या, सध्या नणंदेकडे ठेवून आलोय. दोघांची पेन्शन. विश्रामबागेतलं घर. तासगावजवळची दीड एकर द्राक्षबाग, जिची छाटणी ऑक्टोबरात असते. तिने ऐकून घेतलं, आत गेली, आणि आली तेव्हा आमच्या पासपोर्टवर शिक्के होते. मुदत सहा महिन्यांऐवजी दोन. २१ सप्टेंबर २०१७. "याची नोंद राहील," असं तिने सांगितलं. धमकी नव्हती, माहिती होती.

अडीच तासांनी बाहेर आलो. मुलगा भिंतीला टेकून उभा होता, बाळ त्याच्या खांद्यावर झोपलं होतं.

त्या दोन महिन्यांत मुलाने इमिग्रेशनच्या वकिलाकडे एक तासाचा वेळ घेतला आणि आम्हाला बरोबर नेलं. तो तास आम्ही पहिल्या खेपेआधीच घ्यायला हवा होता.

पहिली गोष्ट त्याने समजावली ती अशी. पासपोर्टमध्ये चिकटवलेला व्हिसा म्हणजे दारापर्यंत येऊन कडी वाजवायची परवानगी. आत घ्यायचं का आणि किती दिवस, हे दारात उभा असलेला अधिकारी ठरवतो. त्याने दिलेली तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. पूर्वी तो पांढरा कागद पासपोर्टला टाचून द्यायचे. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी ती नोंद संगणकावर गेली. व्हिसा २०२६ पर्यंतचा असला तरी आय-९४ वर २१ सप्टेंबर असेल, तर २२ सप्टेंबरला तुम्ही बेकायदा. एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तो दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द होतो. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं बंदी, वर्षभर किंवा जास्त राहिलात तर दहा वर्षं.

म्हणून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी सीबीपीच्या, म्हणजे त्यांच्या सीमा तपासणी खात्याच्या, संकेतस्थळावर जाऊन दोघांच्याही आय-९४ ची प्रत काढायची, ही आमच्या घरची रीत झाली. दोघांच्याही म्हणते, कारण नवरा-बायकोला वेगवेगळी तारीख पडल्याचं उदाहरण आमच्या ओळखीत आहे. त्या काकांचा पासपोर्टच चार महिन्यांत संपत होता, त्यामुळे त्यांना पासपोर्टच्या शेवटच्या दिवसापर्यंतच मुदत मिळाली. काकूंना सहा महिने. दोघांनी काकूंचीच तारीख धरली होती. मुलाने सहज पाहिलं म्हणून वेळेत कळलं.

मग मी विचारलं, एका खेपेनंतर किती दिवस थांबायचं? वकिलाने सांगितलं की असा आकडा कायद्यात नाही. आम्हाला तो हवा होता, एखादी संख्या, जी पाळली की काळजी मिटली. पण तो म्हणाला की अधिकारी एकूण चित्र बघतो. निदान जितके दिवस तिथे काढले तितके तरी घरी काढा, त्याहून जास्त काढलेत तर उत्तम, हा व्यवहारातला अंदाज आहे, नियम नाही. वर्षातले सहा महिने कायद्याने मिळतातच असं समजणारे लोक त्याच्याकडे दर महिन्याला येतात, आणि आले की रडतात.

मुक्काम वाढवण्याचा अर्ज असतो, आय-५३९. मुदत संपायच्या आत तो करावा लागतो. पण प्रत्येक खेपेला सहाचे आठ, आठचे दहा महिने करत गेलं, तर पुढच्या वेळी काउंटरवर तेच अंगावर येतं. आजारपण, अपघात, अशा खऱ्या अडचणीसाठी तो ठेवावा.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने आणखी एक युक्ती सुचवली होती. नायगारा बघायला जातोच आपण, तर कॅनडाच्या बाजूला चार दिवस जाऊन यायचं, की परत येताना नवे सहा महिने. वकिलाने हे ऐकून मान हलवली. कॅनडाला किंवा मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन आलं तर सहसा जुन्याच आय-९४ वर आत घेतात, नवी मुदत मिळेलच असं नाही. शिवाय भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो. आणि अशी उडी कशासाठी मारली हे त्या पुलावरच्या अधिकाऱ्याला न सांगता कळतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सांभाळण्यावर. नातवाला खेळवणं, भरवणं, झोपवणं हा गुन्हा नाही, आजी-आजोबांनी येऊन नातवाबरोबर राहावं यासाठीच तर हा व्हिसा देतात. पण आई-बापांना नोकरीवर जाता यावं म्हणून दिवसभर मुलाची जबाबदारी घ्यायला यायचं, म्हणजे जिच्यासाठी तिथे पगारी माणूस ठेवावं लागतं ती जागा भरायची, तर अधिकारी ते काम मानू शकतो. पैसे घेतले नाहीत तरी. मला हे पटायला वेळ लागला. आपल्याकडे आजीने नातू सांभाळणं याला कोणी काम म्हणालं तर तो अपमान वाटतो. मी त्याला म्हणाले, मग काय सांगायचं? फिरायला आलोय म्हणायचं?

तो म्हणाला, खोटं बोलायचं नाही. खोटं पकडलं गेलं तर प्रवेशबंदी वर्षांत मोजत नाहीत, ती जन्मभराची असते. अधिकारी फोनही तपासू शकतो. मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर "आई, लवकर ये, पाळणाघर बंद करतोय" लिहिलेलं असेल आणि तुम्ही ग्रँड कॅन्यन म्हणत असाल, तर काय होईल याचा विचार करा. तुमचं खरं उत्तरच चालण्यासारखं असेल, असं घर आधी लावून घ्या.

हे वाक्य मी घट्ट धरलं. आम्ही उत्तरं पाठ करणं सोडलं आणि घर लावायला घेतलं.

मुलाने आणि सुनेने पाळणाघर चालू ठेवलं. आम्ही असू तेव्हासुद्धा. सुनेला ते जड गेलं, कारण तिथलं पाळणाघर म्हणजे एका पगाराचा मोठा भाग. पण तिने समजून घेतलं. तिने आपल्या कामाच्या वेळा बदलून घेतल्या आणि बाळाला दुसऱ्या पाळणाघरात घातलं, तिथे ते पहिल्याइतकं आजारी पडलं नाही. हे तिने आमच्याशिवाय केलं, आणि तिला ते करता येत होतं, हे आम्हा चौघांनाही तेव्हाच कळलं. एका अर्थी आमच्या दोन महिन्यांनी तिला सावरायला वेळ दिला.

१८ सप्टेंबरला आम्ही निघालो. गौरी-गणपती त्या वर्षी घरी झाले नाहीत, ती खंत होती. घटस्थापना २१ तारखेला होती, आदल्या दिवशी सांगलीत पोहोचलो. सासूबाईंनी नणंदेकडून परत यायचा हट्टच धरला होता. त्यांनी दारात माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आलीस का गं घरी."

पुढची खेप आम्ही सोळा महिने केली नाही. ते सोळा महिने सोपे गेले असं कोणी समजू नये. बाळ चालायला लागलं ते पडद्यावर पाहिलं. आजी म्हणाला तेसुद्धा पडद्यावर. पण त्या काळात आम्ही आमचं वर्ष नव्याने मांडलं. नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो आता फोनवरूनही देता येतो, पण ह्यांनी ठरवलं की प्रत्यक्ष बँकेत जाऊनच द्यायचा. गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत घर सोडायचं नाही. ऑक्टोबरची छाटणी आपल्या देखत. जायचं ते संक्रांतीनंतर, आणि जास्तीत जास्त तीन महिने. व्हिसासाठी म्हणून हे सुरू केलं, पण तसं जगायला लागल्यावर लक्षात आलं की आधीच्या वर्षी आमचं सांगलीचं घर खरोखरच रिकामं पडत चाललं होतं. त्या अधिकाऱ्याच्या प्रश्नात तथ्य होतं.

१८ जानेवारी २०१९ ला निघालो ते अबू धाबीमार्गे. तिथे अमेरिकेची तपासणी अबू धाबीच्या विमानतळावरच होते, २०१४ पासून. न्यूयॉर्कला उतरता ते देशांतर्गत विमानाने आल्यासारखं, सरळ बॅगा घेऊन बाहेर. म्हाताऱ्या माणसांना ही सोय मोठी आहे. बावीस तासांच्या प्रवासानंतर, डोकं जड असताना काउंटरला उभं राहण्यापेक्षा मधल्या थांब्यावर अंगात त्राण असताना प्रश्न ऐकावेत. आणि नाहीच म्हणाले तर माणूस अबू धाबीत असतो, तिथून मुंबई तीन-साडेतीन तास. फक्त दोन विमानांमध्ये वेळ भरपूर ठेवावा, कारण मागच्या खोलीत पाठवलं तर विमान थांबत नाही.

अपेक्षेप्रमाणे मागच्या खोलीत पाठवलंच. २०१७ ची नोंद होती. या वेळी माझ्याजवळ एक फाईल होती: परतीचं तिकीट २० एप्रिलचं, प्रवासी आरोग्य विमा तेवढ्याच दिवसांचा, दोघांची पेन्शनची कागदपत्रं, घरपट्टीची पावती, सातबाऱ्याचा इंग्रजी अनुवाद, नातवाच्या पाळणाघराची चालू महिन्याची फीची पावती, आणि एका पानावर आमच्या आजवरच्या सगळ्या ये-जा करण्याच्या तारखा. अधिकाऱ्याने विचारलं, "व्हेअर डू यू लिव्ह?" हे म्हणाले, "सांगली, इंडिया. वी आर व्हिजिटिंग अवर सन फॉर थ्री मंथ्स." राहणं आणि भेटायला येणं. एवढा फरक. मला विचारलं, बाळाकडे दिवसा कोण बघतं? मी म्हणाले, तो पाळणाघरात जातो, संध्याकाळी आणि शनिवार-रविवार आमच्याजवळ असतो. हे खरं होतं, त्यामुळे बोलताना घसा कोरडा पडला नाही.

फाईलमधलं त्याने फक्त तारखांचं पान मागितलं. सातबाऱ्याच्या अनुवादाला शंभर दीडशे रुपये मोजले होते, तो कोणी पाहिला नाही, आजवर पाहिलेला नाही. तरी मी नेते. पंधरा मिनिटांत सुटलो. सहा महिन्यांची मुदत मिळाली. आम्ही तीनच राहिलो, ९२ दिवस. सहा मिळाले म्हणून सहा राहायचे नाहीत, हे मुलाला पटवताना मला जास्त कष्ट पडले. एप्रिलमध्ये तो म्हणत होता, आई, तारीख जुलैपर्यंत आहे ना. मी त्याला तो ४२७ आणि ७७ चा कागद दाखवला, जो मी जपून ठेवला आहे.

२०२० ची खेप कोणाच्याच हातात राहिली नाही. २० जानेवारीला गेलो, १८ एप्रिलचं तिकीट, आणि मार्चअखेर भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली. तिकीट रद्द झाल्याचा निरोप, दूतावासाकडे केलेली नोंदणी, अडकलेल्यांना परत आणणाऱ्या वंदे भारतच्या विमानासाठी भरलेला अर्ज, सगळं मी फाईलला लावत गेले. आय-९४ जुलैपर्यंत होतं. जूनच्या सुरुवातीला जागा मिळाली तशी आलो, १३७ दिवस झाले. पुढच्या वेळी, २०२३ मध्ये अक्षय तृतीया करून गेलो तेव्हा, त्या १३७ दिवसांबद्दल विचारलंच. मी रद्द झालेलं तिकीट पुढे केलं. अधिकारी वाचून म्हणाला, "ओके." एवढंच.

करांचं एक सांगून ठेवते, कारण हे कोणीच सांगत नाही. अमेरिकेचं आयकर खातं दिवस मोजतं. या वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचा एक षष्ठांश, यांची बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस तिथे असलात, की पर्यटकसुद्धा करापुरता रहिवासी ठरू शकतो. दरवर्षी चार महिने राहिलं तरी बेरीज तिथवर पोहोचते. चालू वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस असतील आणि आपलं घरदार भारतात असेल, तर फॉर्म ८८४० भरून तसं कळवता येतं. आमच्या मुलाच्या सीएने हे सांगितलं तेव्हा मी पुन्हा तारखांच्या वहीकडे गेले.

मैत्रिणींच्या गोष्टी ऐकते तेव्हा प्रत्येक देशाचं दार वेगळं दिसतं. माझ्या चुलत जावेचा मुलगा टोरंटोजवळ असतो. कॅनडाने आई-वडिलांसाठी आणि आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा म्हणून वेगळं दारच ठेवलंय. मुलाचं ठरावीक उत्पन्न आणि निदान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा दाखवला की एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. हे मी ऐकलं तेव्हा मला खरंच भरून आलं. कोणीतरी कायदा करताना आजी-आजोबांचा विचार केला होता. ब्रिटनमध्ये भेटीचा व्हिसा एका वेळी सहा महिन्यांचा, पण पुन्हा पुन्हा येऊन तिथेच राहिल्यासारखं करायचं नाही हे त्यांच्या नियमांतच लिहिलेलं आहे.

अमेरिकेत ज्यांचा मुलगा नागरिक झाला त्यांनी आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डाचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज केला, तर सहा महिन्यांची चिंता जाते खरी. पण एकदा तो अर्ज केला की पर्यटक म्हणून आत जाणं अवघड होतं, कारण कायम राहायचा विचार तुम्ही स्वतःच लिहून दिलेला असतो. आणि कार्ड मिळाल्यावर गणित उलटं फिरतं. माझी एक सहकारी शिक्षिका आता सांगलीत सहा महिन्यांवर राहायला घाबरते. तिला तिथला अधिकारी विचारतो, तुम्ही राहता कुठे? तोच प्रश्न, पलीकडून. तिची आई मिरजेत अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिने काढलेले दिवस मी पाहिलेत. म्हणून कोणी मला विचारलं तर मी ग्रीन कार्ड घ्या किंवा घेऊ नका असं काही सांगत नाही. आधी वर्षाचे महिने मांडून बघा, एवढं सांगते.

सासूबाई २०२१ मध्ये गेल्या. शेवटचे चार महिने मी त्यांच्याजवळ होते, रोज. २०१७ च्या पद्धतीने चाललो असतो तर त्या काळात मी कुठे असते, हा विचार मनात येतो.

आता दहा वर्षांच्या व्हिसाची मुदत संपते आहे. नव्या अर्जात मागच्या पाच खेपांच्या तारखा लागतील, त्या वहीत आहेत. पण या वर्षी आम्ही जात नाही, नातूच येतोय. तो जन्माने अमेरिकन आहे, त्याच्याकडे ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं, कार्ड आहे आणि त्यावर त्याला इथे कितीही दिवस राहता येतं. जूनच्या शेवटी तो आणि सून येतील, शाळा उघडेपर्यंत थांबतील. त्याने फोनवर विचारलं, "आजी, मी तुझ्याकडे किती दिवस राहू?" मराठीत विचारलं, 'राहू' म्हणाला. मी त्याला सांगितलं, तुला हवे तितके.